वाचनकट्ट्यासाठी जुनी कादंबरी निवडताय? आधी पानं मोजा

नवा वाचनकट्टा जमला की पहिल्याच बैठकीत कुणीतरी म्हणतं, ‘सुरुवात क्लासिकने करू या.’ पाच मिनिटांत ययाति, मृत्युंजय, स्वामी, कोसला, तुंबाडचे खोत ही नावं पुढे येतात, हात वर होतात, मृत्युंजय जिंकते. तिसऱ्या महिन्यात ग्रुपवर फक्त सुप्रभातची फुलं उरतात. यात मृत्युंजयचा काही दोष नाही. दोष निवडीच्या पद्धतीचा आहे. आपण ‘मराठीतली थोर कादंबरी कोणती’ या प्रश्नाचं उत्तर शोधतो. कट्ट्यापुढचा प्रश्न वेगळा असतो: महिन्याभरात बाराजणांची वाचून होईल आणि वाचून झाल्यावर ज्यावर सरळ दोन तट पडतील, अशी कादंबरी कोणती?

आधी हिशेब करू, कारण निम्मे कट्टे इथेच बुडतात. नेहमीच्या आकाराच्या मराठी कादंबरीचं एक पान निवांत वाचायला दोन ते अडीच मिनिटं लागतात. नोकरी, घर, प्रवास सांभाळणारा माणूस आठवड्यातले पाच दिवस रोज वीस मिनिटं काढतो असं धरा (हेही उदारपणे धरलंय). म्हणजे आठवड्याला शंभर मिनिटं, चाळीस ते पन्नास पानं. महिन्याला १६० ते २००. मृत्युंजय सातशे पानांच्या पुढे जाते, म्हणजे साडेतीन ते साडेचार महिने एकच पुस्तक. तुंबाडचे खोत तर दोन खंडी. ज्यांना ती वाचायची आहे त्यांनी जरूर वाचावी, चार पिढ्यांचं कोकण तसं दुसरीकडे मिळायचं नाही. पण कट्ट्याचं पहिलं पुस्तक म्हणून नको. पहिली तीन पुस्तकं दोनशे पानांच्या आतली ठेवा. नव्या गटाला आधी ‘आपण पुस्तक पुरं करतो’ ही सवय लागायला हवी.

पानांनंतर बोली. याकडे कुणी लक्ष देत नाही आणि मग दहाव्या पानावर लोक गळतात. ग्रामीण कादंबरी म्हटली की सगळ्या एका गठ्ठ्यात टाकल्या जातात, पण वाचनाच्या वेगाच्या दृष्टीने त्यांचे सरळ दोन प्रकार आहेत. एकात निवेदन प्रमाण मराठीत आणि बोली फक्त माणसांच्या तोंडी. व्यंकटेश माडगूळकरांची बनगरवाडी (१९५५) आणि उद्धव शेळक्यांची धग (१९६०) या जातीच्या. संवाद माणदेशी किंवा वऱ्हाडी असले तरी आजूबाजूचं वाक्य हात धरून नेतं. दुसऱ्यात निवेदनच बोलीत. आनंद यादवांच्या गोतावळामध्ये (१९७१) शेतावरचा गडी नारबा पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत कोल्हापुरी बोलीत बोलतो. रा. रं. बोराड्यांच्या पाचोळामध्ये (तीही १९७१) शिंप्याची बायको पार्वती मराठवाडी बोलीत सगळं सांगते. दोन्ही लहान आहेत, दोन्ही जबरदस्त आहेत, पण पुण्या-मुंबईत वाढलेल्या किंवा न्यू जर्सीत बसून वाचणाऱ्या सदस्याला पहिली तीस पानं दुप्पट वेळ लागणार हे आधी सांगून ठेवा. उपाय सोपा आहे: बैठकीत पहिली पाच पानं मोठ्याने वाचायची. त्या भागातलं कुणी गटात असेल तर त्याच्याकडून. बोली कानावर पडली की डोळ्यांनाही सोपी जाते. हे मोठ्याने वाचणं पुस्तक सुरू करायच्या बैठकीतच करायचं. लोक अडकून बसल्यावर करून उपयोग नाही.

आता तट पडण्याबद्दल. कट्ट्यावर सगळ्यात वाईट पुस्तक कोणतं, तर जे सगळ्यांना सारखंच आवडतं. श्यामची आई घ्या. पुस्तकाबद्दल माझं काही म्हणणं नाही, पण चर्चा दहा मिनिटांत ‘आमच्या आईच्या आठवणी’ या वळणावर जाते आणि पुस्तक मिटतं. ययातिचा अडथळा जरा निराळा. तिची रचना चर्चेला उत्तम आहे: ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली बाजू सांगतात, आणि कुणावर किती विश्वास ठेवायचा हा खरा प्रश्न आहे. पण चालवणारा ढिला असला की ‘आजची पिढी आणि भोगवाद’ यावर प्रवचन सुरू होतं आणि तिघांपैकी कुणीच उरत नाही. ययाति घेतलीत तर नियम करा: जे बोलायचं ते या तिघांपैकी एकाचं नाव घेऊन आणि प्रसंग सांगून.

पहिल्या पुस्तकासाठी माझं मत बनगरवाडीला. शेदीडशे पानं, प्रमाण निवेदन, सहज मिळणारी प्रत, आणि वरवर साधी वाटणारी गोष्ट. औंध संस्थानातल्या एका धनगरवाडीत पोरगेलासा मास्तर शाळा चालवायला जातो, एवढंच. भांडायला जागा कुठे आहे? अंजीच्या चोळीत आहे. कारभाऱ्याची ही मुलगी मास्तरकडे चोळी शिवून आणायचं काम देते आणि तो ते करतो. वाडीत कुजबुज होते, कारभाऱ्याचं मन फिरतं. मास्तर भोळा होता, की त्याला आतून माहीत होतं आणि तो आपल्यालाही सगळं सांगत नाहीये? निवेदक मास्तरच आहे, त्यामुळे पुरावा त्याच्याच तोंडून घ्यावा लागतो. बाराजणांत हमखास दोन बाजू पडतात आणि दोघांनाही परत पान उघडावं लागतं. तसंच तालमीचं. मास्तर पुढाकार घेऊन वाडीत तालीम उभी करतो. वाडीला तिची गरज होती की मास्तरला? आणि शेवटी दुष्काळ येऊन माणसं वाडी सोडतात तेव्हा या सगळ्या उभारणीचं काय झालं? यावर दीड तास कमी पडतो.

एक सावधगिरी. बनगरवाडीवर अमोल पालेकरांचा १९९५ चा चित्रपट आहे. सिंहासन हा जब्बार पटेलांचा १९७९ चा चित्रपट तर अरुण साधूंच्या सिंहासन आणि मुंबई दिनांक या दोन्ही कादंबऱ्यांवर बेतलेला आहे. दरवेळी एकदोघं चित्रपट पाहून येतात आणि पुस्तकावर बोलतात. चित्रपट बघायचाच असेल तर चर्चेनंतर, एकत्र.

कोसला (१९६३) हा स्वतंत्र विषय. ती निवडायला सगळे उत्सुक असतात, आणि निम्म्यांना ती झेपत नाही. सव्वातीनशेच्या आसपास पानं, म्हणजे दोन महिने आणि दोन बैठका, हे आधीच ठरवा. पहिल्या चाळीस-पन्नास पानांत ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ने लोक वैतागतात. काहीजण तर त्याची नक्कल करत ग्रुपवर विनोद टाकतात आणि वाचन थांबवतात. तिथे अडून बसायचं नाही. पांडुरंग सांगवीकरचं वसतिगृह, मेस, गॅदरिंग हा भाग हसत वाचून काढायचा. पहिली बैठक धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूआधी थांबेल अशी आखा आणि त्यापुढचं सगळं दुसऱ्या बैठकीला ठेवा. मनीचा भाग वाचलेला माणूस आधीच्या टवाळीकडे वेगळ्या नजरेने बघतो. दोन्ही एकाच बैठकीत घेतलं की आधीच्या टवाळीवर कुणी बोलतच नाही. डायरी आणि इतिहासाची टर उडवणारा भाग काहींना लांबण वाटेल. तो का आहे, यावरच अर्धा तास ठेवावा. वडिलांशी असलेलं पैशाचं नातं हा दुसरा चांगला मुद्दा: पोराचं बंड बापाच्या मनीऑर्डरवर चाललंय, आणि हे त्याला स्वतःला किती कळतंय?

आणखी जुन्या काळात जायचं तर हरिभाऊ आपटे. ‘पण लक्षांत कोण घेतो?’ १८९० पासून करमणूक साप्ताहिकात क्रमशः आली, आणि तशीच वाचावी. ती आडदांड मोठी आहे, आठवड्याला ठरलेली प्रकरणं घेऊन तीन महिने चालवा. क्रमशः वाचताना आपली कहाणी सांगणाऱ्या यमूचं बोलणं जवळचं वाटतं. एका दमात वाचली तर तीच कादंबरी पाल्हाळिक वाटते. एक गोष्ट आधी सांगून ठेवा: शेवटाकडे विधवा झालेल्या यमूवर केशवपन लादलं जातं तो भाग वाचायला जड आहे. सासरच्या शंकरमामंजींना शिव्या घालून सगळे मोकळे होतात तिथे चर्चा चालवणाऱ्याने अडवायला हवं. घरातल्या बाकीच्यांनी काय केलं? गप्प कोण बसलं? रघुनाथसारख्या सुधारकी नवऱ्याच्या चांगुलपणाचा त्याच्या माघारी किती उपयोग झाला? खरी कादंबरी तिथे आहे.

हरिभाऊ १९१९ मध्ये गेले, त्यामुळे त्यांची कादंबरी सगळ्यांसाठी खुली आहे, स्कॅन प्रत वाटायला हरकत नाही. आपल्याकडे हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं राहतो, आणि मोजणी पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून होते. खांडेकर १९७६ मध्ये गेले, म्हणजे ययातिचे हक्क २०३६ अखेरपर्यंत आहेत. ग्रुपवर तिची पीडीएफ फिरवू नका. प्रत्येकाने विकत घ्यायलाच हवं असंही नाही: ग्रंथालयाची एक, घरातल्या कपाटातल्या दोन-तीन, नव्या चार-पाच, एवढ्यात बाराजणांचं भागतं. मात्र पुस्तक ठरवण्याआधी प्रकाशकाला किंवा दुकानदाराला फोन करून प्रती आहेत का ते विचारा. नंतर विचारलं तर ‘नवी आवृत्ती येतेय’ हे उत्तर मिळतं आणि ती केव्हा येणार ते कुणी सांगत नाही. परदेशातल्या सदस्यांसाठी दीड-दोन महिने आधी नाव जाहीर करा. आणि मुखपृष्ठावर बारीक अक्षरात ‘संक्षिप्त’ लिहिलंय का ते बघा. हरिभाऊंच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं, अर्ध्या गटाने पुरी आणि अर्ध्याने कापलेली वाचली की बैठकीत एकमेकांचं काही जुळत नाही. आवृत्त्या वेगवेगळ्या असल्या की पानांचे आकडेही जुळत नाहीत, म्हणून संदर्भ देताना प्रकरण किंवा प्रसंग सांगायचा.

मतदान. एकाला एक मत दिलं आणि पाच नावं ठेवली, तर बारापैकी चार मतांवर पुस्तक निवडून येतं आणि आठजण मनाविरुद्ध वाचायला बसतात. त्यापेक्षा नावं तीनच ठेवा आणि प्रत्येकाने जी जी चालतील त्या सगळ्यांवर खूण करावी. सगळ्यात जास्त जणांना ‘चालणारी’ कादंबरी घ्यायची. सुचवणाऱ्यावर एक अट: ती स्वतः पुरी वाचलेली असली पाहिजे आणि तिच्यावरचा एक असा प्रश्न सांगता आला पाहिजे ज्याचं उत्तर त्याला स्वतःला नक्की माहीत नाही. या अटीने यादी झपाझप लहान होते. ‘फार नाव ऐकलंय’ म्हणून आलेली पुस्तकं आपोआप गळतात.

ज्या कादंबऱ्या जातीबद्दल उघड बोलतात त्यांना कट्टे घाबरतात, हे मला पटत नाही. अण्णा भाऊ साठ्यांची फकिरा (१९५९) लहान आहे, वेगवान आहे, आणि बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केलेली आहे. त्या अर्पणपत्रिकेपासूनच चर्चा सुरू करता येते. फक्त गटात जो कुणी कादंबरीतल्या समाजातला आहे त्याला ‘तुम्हीच सांगा’ म्हणून प्रवक्ता करायचं नाही. त्याला बोलायचं असेल तेव्हा तो बोलेल. आणि मालतीबाई बेडेकरांनी विभावरी शिरूरकर या नावाने लिहिलेली बळी (१९५०) तर कट्ट्यांच्या यादीत मला दिसतच नाही. १८७१ च्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना काटेरी तारेच्या कुंपणात ठेवत, त्या वसाहतीतली ही कादंबरी. मालतीबाईंनी सोलापूरच्या अशा वसाहतीत काम केलं होतं, त्यामुळे तपशील हवेतले नाहीत. सुधारणा करायला आलेली माणसं आणि कोंडलेली माणसं यांच्यात चांगुलपणा कुठे संपतो आणि सत्ता कुठे सुरू होते, यावर गट हमखास फुटतो.

बैठकीबद्दल थोडं. दोन तास पुष्कळ झाले. प्रस्तावना आणि समीक्षा चर्चेनंतर वाचा, नाहीतर लोक समीक्षकाचंच मत आपलं म्हणून सांगतात. ‘कशी वाटली?’ या प्रश्नाने सुरुवात केली की वर्तुळात फिरून बारा वेळा ‘छान’ ऐकावं लागतं. त्याऐवजी प्रत्येकाने एक प्रसंग निवडून आणायचा, जिथे लेखकाशी किंवा पात्राशी पटलं नाही. पुस्तक न वाचता आलेल्याला येऊ द्यावं, पण पहिला अर्धा तास त्याने ऐकायचं. शेवट कळला म्हणून कुरकुर करायची नाही, साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या पुस्तकाचा शेवट लपवून चर्चा होत नाही.

पहिल्या वर्षाचा क्रम मी असा लावीन: बनगरवाडी, मग फकिरा, मग पाचोळा. मग कोसला दोन महिने. त्यानंतर धग, तिची नायिका कौतिक हिची फरफट सलग वाचवत नाही, म्हणून दिवाळीच्या महिन्यात ठेवू नका. मग हरिभाऊ तीन महिने, आठवड्याच्या हप्त्याने. त्यानंतर बळी, पण तिच्या प्रतींची चौकशी वर्षाच्या सुरुवातीलाच करून ठेवा. नाहीच मिळाल्या तर तिच्या जागी गोतावळा.