ॲडजस्ट करणारी मुलगी हवी

भाचीसाठी आलेल्या एका स्थळाकडून आज दुपारी फोन आला. बोलणाऱ्या बाई अतिशय गोड होत्या. पत्रिका जुळते, मुलगी पसंत आहे, "फक्त तिला थोडं ॲडजस्ट करावं लागेल," असे त्या म्हणाल्या. थोडे म्हणजे किती, असे विचारल्यावर कळले की तिने पुण्यातली नोकरी सोडून डोंबिवलीला यायचे आणि नणंदेचे बाळंतपण आटोपेपर्यंत दुसरी नोकरी शोधायची नाही.

गाडीचा आरसा ॲडजस्ट करतात, खुर्चीची उंची ॲडजस्ट करतात, किराणावाला सुटे नसले की "पुढच्या बिलात ॲडजस्ट करतो" म्हणतो, त्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. निवडणुकीच्या जागावाटपातही हा शब्द चालतो आणि तिकीट कापलेल्या कार्यकर्त्याला "तुम्हाला महामंडळावर ॲडजस्ट करू" असे सांगितले जाते. अतिरिक्त ठरलेल्या शिक्षकांच्या बाबतीत सरकार त्यालाच समायोजन म्हणते, आणि त्या शिक्षकाचा रोजचा प्रवास किती वाढला हे त्या भारदस्त शब्दातून कळत नाही.

आपल्याकडे या एका शब्दाच्या जागी किती शब्द होते, ते आठवून पाहा. तडजोड करायची तर दोन्ही बाजूंना काही सोडावे लागते. सामावून घेण्याची जबाबदारी घरच्यांची असते, नव्याने येणाऱ्याची नव्हे. "सांभाळून घ्या" ही विनंती ज्याच्या हाती काही आहे त्यालाच केली जाते. फोनवरच्या बाईंनी यांपैकी कोणताही शब्द वापरला असता, तर त्यांच्या घराने काय करायचे हेही ओघाने बोलावे लागले असते. 'जुळवून घे' हेदेखील मुलींनाच सांगितले जात असे, हे मला मान्य आहे. जुने सगळे चांगले होते असे मी म्हणत नाही. पण त्या सांगण्यात निदान सक्ती ऐकू येत असे. ॲडजस्ट म्हटले की तीच सक्ती समंजस आणि आधुनिक वाटू लागते, आणि नकार देणारी मुलगी हट्टी ठरते.

संताप याचा येतो की पैशाच्या बाबतीत आपण इतके ढिसाळ कधीच नसतो. आयकर कायदाच पाहा. आपला परतावा जुन्या थकबाकीत ॲडजस्ट करायचा असेल, तर आयकर खात्यानेही तसे आधी लेखी कळवावे, असे तो सांगतो. मुलीची नोकरी मात्र फोनवर, गोड आवाजात, "थोडं" म्हणून वळती होते.

असो, बाईंवर एवढे चिडून काय उपयोग. त्यांनाही त्यांच्या लग्नात कोणीतरी हेच ऐकवले असणार.

हा शब्द मला मनापासून आवडतो तो मुंबईच्या लोकलमध्ये. सेकंड क्लासच्या तिघांच्या बाकावर चौथी बाई "जरा ॲडजस्ट करा" म्हणते, तेव्हा बसलेल्या तिघीही थोड्याथोड्या सरकतात आणि चौथीही अर्धी बाहेरच राहते. लग्नाच्या बोलण्यात मुलाकडचे कोण किती सरकणार आहे, हे मला आजवर एकाही स्थळाने सांगितलेले नाही.