फुटून निघालेल्यांनीच कारण लिहून ठेवलंय

माझा भाचा कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे. 'युद्धकाळात राष्ट्राध्यक्षाचे अधिकार' या विषयावर वादविवाद स्पर्धा आहे म्हणून त्यानं परवा आपले मुद्दे मला वाचायला पाठवले. पहिलाच परिच्छेद व्हॉट्सॲपवरून उचललेला: 'अमेरिकेतलं यादवी युद्ध गुलामगिरीवरून झालंच नाही, जकात आणि राज्यांचे हक्क यांवरून झालं. लिंकन हुकूमशहा होता, त्यानं राज्यघटना गुंडाळून ठेवली, आणि त्याच्या जाहीरनाम्यानं एकही गुलाम सुटला नाही.' हा मजकूर वर्षभरात मला तीनदा आला, तिन्ही वेळा मी सोडून दिला. आता घरातलंच पोर तो व्यासपीठावर म्हणणार म्हटल्यावर गप्प बसवेना.

अरे, संघराज्यातून फुटणाऱ्या दक्षिणेकडच्या राज्यांनी आपण का फुटतोय हे स्वतः लिहून प्रसिद्ध केलंय! मिसिसिपीचं जानेवारी १८६१ चं निवेदन सुरुवातीलाच सांगतं की आमची भूमिका गुलामगिरीशी पूर्णपणे जोडलेली आहे. साउथ कॅरोलायनाचं निवेदन त्याच्याही आधीचं, डिसेंबर १८६० चं. त्यातली तक्रार काय? उत्तरेकडची राज्यं पळून आलेले गुलाम परत देत नाहीत, उलट त्याविरुद्ध आपापले कायदे करतात. न्यूयॉर्क तर गुलाम सोबत घेऊन आपल्या हद्दीतून नुसतं जाऊही देत नाही. म्हणजे उत्तरेच्या राज्यांनी आपला हक्क वापरला, याचाच राग होता. पुढे या फुटीरांनी स्वतःची राज्यघटना केली, तिच्यात गुलामांवरच्या मालकीला बाधा आणणारा कायदा करायला बंदी घातली. त्या वेळी देशात जवळपास ४० लाख माणसं गुलामीत होती. त्यांना वगळून या युद्धाचं कारण सांगणं मला संतापजनक वाटतं.

जकातीचं तर तारखा पाहिल्या तरी पुरे. आयातीवरची जकात वाढवणाऱ्या मॉरिल कायद्यावर सही झाली २ मार्च १८६१ ला, तीही लिंकनच्या आधीचा राष्ट्राध्यक्ष बुकॅनन याची. तोवर सात राज्यं फुटून गेली होती. लिंकननं शपथ घेतली ४ मार्चला.

हुकूमशाहीच्या आरोपात मात्र थोडं तथ्य आहे, ते नाइलाजानं का होईना, मान्य करतो. अटकेतल्या माणसाला न्यायालयापुढे उभं करायला लावणारा हेबियस कॉर्पसचा हक्क लिंकननं २७ एप्रिल १८६१ ला वॉशिंग्टन ते फिलाडेल्फिया या मार्गापुरता स्थगित केला, काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, न विचारता. बंडाच्या वेळी स्थगितीची मुभा घटनेत आहे, पण ती काँग्रेसच्या अधिकारांच्या कलमात. सरन्यायाधीश टेनी यांनी ही कृती घटनाबाह्य ठरवली, तरी लिंकन मागे हटला नाही. काँग्रेसचा कायदा झाला थेट मार्च १८६३ मध्ये. पण हा 'हुकूमशहा' ऐन युद्धात १८६४ च्या निवडणुकीला सामोरा गेला, आणि ऑगस्टमध्ये आपण बहुधा हरणार असं त्यानं स्वतः लिहून ठेवलं होतं. शिवाय हेबियस कॉर्पस दक्षिणेत फुटीरांचा राष्ट्राध्यक्ष जेफरसन डेव्हिस यानंही स्थगित केला, ते त्या मजकुरात कुठे आहे?

आता गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा. १ जानेवारी १८६३ चा हा हुकूम लिंकननं सरसेनापती म्हणून, युद्धाचा उपाय म्हणून काढला. म्हणून तो बंडखोर प्रदेशापुरताच होता. गुलामगिरी असूनही संघराज्यात राहिलेल्या केंटकीसारख्या राज्यात तसा हुकूम काढायचा अधिकार आपल्याला नाही, असंच तो मानत होता. तिथे घटनादुरुस्तीच लागणार होती आणि डिसेंबर १८६५ मध्ये ती झाली. एकाच दमात त्याला घटना तुडवणारा म्हणायचं आणि घटनेची मर्यादा पाळली म्हणून नावंही ठेवायची, हे चालणार नाही. 'एकही सुटला नाही' हेही खोटं आहे. साउथ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावरची बेटं तेव्हा संघराज्याच्या सैन्याच्या ताब्यात होती. तिथली हजारो माणसं त्याच दिवशी कायद्यानं मुक्त झाली.

भाच्याला मी फोनवर एवढंच सांगितलं: घरात 'गुलामगिरी' आहे, तिची अर्पणपत्रिका वाच. जोतीरावांनी १८७३ मध्ये ते पुस्तक गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलंय. आणि लिंकनवर टीकाच करायची असेल तर त्याच्या काळात चाललेल्या लष्करी खटल्यावरचा १८६६ चा मिलिगन खटला घे. नागरी न्यायालयं चालू असताना नागरिकावर लष्करी खटला चालवता येत नाही, असा त्यात निकाल आहे, आणि तो लिहिणारे न्यायमूर्ती डेव्हिड डेव्हिस लिंकननंच नेमलेले होते.