खिसा सरकलाय

नवीन गाडी घेतली की लोक त्याच दिवशी पोस्ट टाकतात, पेढ्याच्या बॉक्ससकट. मी सात आठवडे थांबलोय कारण आधी काय लिहावं तेच कळत नव्हतं. कंपनीचं नाव घेणार नाही, डीलरचंही नाही, इनबॉक्समध्ये विचारू नका. आणि "पट्ट्यांसाठी एवढं कशाला रडतोयस, फर्स्ट वर्ल्ड प्रॉब्लेम" अशी कमेंट ज्यांच्या बोटांवर आलीच आहे त्यांनी टाकून मोकळं व्हा, मान्य आहे, पण नंतर पूर्ण वाचा.

तर गाडी. दोन दारांची, व्ही एट, पांढरी, आणि मधून पुढच्या बंपरपासून बॉनेट, छप्पर, डिकी करत मागच्या बंपरपर्यंत दोन जाड निळे पट्टे. वीस वर्षं मिशिगनमध्ये राहतोय, गाड्यांच्याच धंद्यात आहे, पोराचं कॉलेज संपल्यावर एक हौस करायची हे बायकोशी कधीचंच ठरलेलं. पट्टे फॅक्टरीतूनच घेतले, बाहेरून नाही, हजार डॉलरच्या वर मोजले, का तर फॅक्टरीचं काम म्हणजे फॅक्टरीचं काम. हा माझाच डायलॉग होता. आता घरी तो रोज ऐकवला जातो.

डिलिव्हरी संध्याकाळी, पावसात. शोरूममध्ये छतभर लाईट, गाडी ओली, सेल्सवाला एका हाताने चावी देतोय आणि दुसऱ्या हाताने कागद पुढे करतोय, सही इथे, इथे आणि इथे. केली. सकाळी ऊन पडलं होतं, बायको कुंकवाची वाटी घेऊन ड्राइव्हवेत आली, स्वस्तिक काढायला बोट पुढे केलं आणि थांबली. म्हणाली, "अरे, ही रेघ अशीच असते का?"

बॉनेट जिथे संपतं आणि बंपर सुरू होतो तिथे डावा पट्टा तुटला होता. फाटला नव्हता, सरकला होता. बॉनेटवरून सरळ येतो आणि बंपरवर उतरताना ड्रायव्हरच्या बाजूला जरासा उडी मारतो. उजव्याचं तेच. मी म्हटलं सावली असेल. तिने काही न बोलता बंपरवरच दोन बोटं कुंकू लावलं आणि आत गेली.

त्याच दिवशी आबांना व्हिडिओ कॉल. आमचे आबा कराडचे, आयुष्यभर जेन्ट्स टेलर, आता वय ऐंशीच्या पुढे, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. फोनच्या स्क्रीनवर, सात समुद्रापलीकडून, पाच सेकंदात म्हणाले, "आरं, खिसा सरकलाय की."

ज्यांना कळलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. चौकडीचा शर्ट शिवताना छातीवरचा खिसा असा कापावा लागतो की शर्टाची आडवी-उभी रेघ खिशावरून तशीच पुढे गेली पाहिजे. त्यासाठी खिशाचं कापड आधी छातीवर ठेवायचं, रेघेला रेघ लावायची, खडूने खूण, टाचणी, मग कात्री. कापड जास्त जातं. आबा गिऱ्हाइकाला सरळ सांगायचे, चौकडी असेल तर पाव मीटर जादा आणा, नाहीतर साधं कापड आणा, मी शिवून देतो. साध्या कापडावर खिसा एक सूत इकडेतिकडे झाला तर कोणाच्या बापाला कळत नाही. चौकडीवर लांबून कळतं.

आता ही गाडीची भानगडही शंभर टक्के तीच आहे, आणि हे मला आबांच्या आधी कळायला हवं होतं कारण माझी नोकरीच पेंट शॉपमधली, म्हणजे गाड्या रंगवायच्या विभागातली. अमेरिकेत यायच्या आधी चाकणला क्वालिटीत होतो. मास्किंग टेप आणि स्टीलची पट्टी घेऊन बसलो त्या रविवारी. पट्ट्यातला फरक ३ मिलिमीटर. मग बॉनेट आणि बंपरमधली फट बघितली, डावीकडे बारीक, उजवीकडे मोठी. म्हणजे बंपरच एका बाजूला बसलाय. बंपरवरचा पट्टा बंपरच्या हिशोबाने अगदी मधोमध आहे, बॉनेटवरचा बॉनेटच्या हिशोबाने मधोमध आहे, दोघंही आपापल्या जागी बरोबर आणि एकत्र आले की वाकडे. संयुक्त कुटुंबासारखं.

असं होतं कसं ते थोडं सांगतो, कंटाळा आला तर एक परिच्छेद सोडा. गाडीची बॉडी धातूची, ती ई-कोटच्या (गंज रोखणारा पहिला थर) टाकीत बुडते, १७०-१८० डिग्रीच्या आसपास ओव्हनमध्ये भाजते, मग प्रायमर, रंग, वर क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर. बंपर प्लॅस्टिकचा, त्या ओव्हनमध्ये टाकला तर त्याचा पापड होईल, म्हणून तो वेगळा, बऱ्याचदा दुसऱ्याच कारखान्यात, कमी तापमानाला रंगवतात आणि असेंब्लीत येऊन बसवतात. बॉनेटच्या बिजागरीत खेळ, बंपरच्या ब्रॅकेटमध्ये खेळ, प्रत्येकाला एखादा-दीड मिलिमीटरची मुभा, आणि सगळ्या मुभा एकाच दिशेला गेल्या की झाले तीन. पट्टा प्रत्येक पार्टवर सुटा सुटा, जिग (जागा ठरवून देणारा साचा) लावून चिकटवला तर ही बेरीज उघडी पडते. गाडी पूर्ण जुळल्यावर नाकापासून शेपटीपर्यंत एका दमात चिकटवला तर पार्ट थोडा हललेला असला तरी रेघ सरळ राहते. दुसऱ्या पद्धतीला वेळ लागतो आणि हात बसलेला माणूस लागतो. लाईनवर दोन्ही महाग.

साध्या पांढऱ्या गाडीत हा बंपर मला दहा वर्षं दिसला नसता. हे प्रामाणिकपणे सांगतो. चाकणला मी स्वतः असे बंपर पास केलेत, "कस्टमरला दिसणार नाही" म्हणून, आणि खरंच कोणाला दिसले नाहीत. पट्टा मारला की मात्र तुम्ही स्वतःच गिऱ्हाइकाच्या हातात फूटपट्टी दिलीत. त्याचे वर पैसेही घेतलेत.

एवढ्यावर थांबलं असतं तर ही पोस्ट लिहिली नसती. छपरावर पट्ट्याखाली तिळाएवढा एक उंचवटा, धूळ अडकलीय, ते सोडून दिलं. पण बॉनेटच्या पुढच्या कडेला पट्टा कडेच्या थोडा आधीच कापलेला, आणि जिथे कापलाय तिथे कडेला समांतर एक बारीक रेघ. नखाने खरवडली तर नख अडकतं. ब्लेड. चिकटवणाऱ्याने व्हिनाइल (पट्ट्याचं स्टिकरसारखं प्लॅस्टिक) गाडीवरच ठेवून ब्लेड ओढलंय आणि ते खाली क्लिअर कोटमध्ये गेलंय. क्लिअर कोट असतो किती, ४०-५० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), तुमचा केस त्याच्यापेक्षा जाड. तुम्ही म्हणाल बॉनेट अ‍ॅल्युमिनियमचं आहे, गंजणार कुठे. लाल गंज नाही येणार, बरोबर. पण इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते खारं पाणी अशा चिरेतून आत शिरलं की रंगाच्या खाली अळी पोखरत जाते तशी नागमोडी रेघ उठते, रंग फुगत फुगत पुढे जातो. मी हे रोज बघतो, दुसऱ्यांच्या गाड्यांवर.

कराडला स्टँडजवळ आमचा एक रेडियमवाला होता. बाईकच्या टाकीवर पट्टा मारायचा तर साबणाचं पाणी फवारायचा, स्टिकर तरंगवायचा, जागेवर आणायचा, मग कुठल्यातरी जुन्या कार्डाला फडकं गुंडाळून मधून बाहेर पाणी काढायचा. आणि जादा भाग कापायचा असला की स्टिकर उचलून हवेत कापायचा. टाकीला ब्लेड टेकवायचा नाही. पंधरा रुपयात. हल्ली तर बिनब्लेडचीही सोय आहे, टेपमध्येच एक बारीक दोरा असतो, टेप आधी लावायचा, वर व्हिनाइल बसवायचं आणि दोरा ओढला की कापलं जातं.

डीलरकडे गेलो. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर चांगला मुलगा, फोटो काढले, आत जाऊन आला आणि म्हणाला, "सर, इट्स विदिन स्पेक." म्हणजे कंपनीने ठरवलेल्या मुभेत बसतंय. हे वाक्य मी एवढ्या वेळा स्वतः बोललोय ना, की पहिल्यांदा समोरून ऐकल्यावर हसूच आलं. मी विचारलं स्पेक कसलं, फटीचं की पट्ट्याचं? पट्ट्याचं वेगळं स्पेक आहे का? त्याला माहीत नव्हतं, पुन्हा आत गेला. बाहेर येऊन म्हणाला फटीचं. म्हणजे पट्टा विकताना वेगळी वस्तू म्हणून विकायचा, आणि तपासताना तो नाहीच असं धरायचं.

इथे थोडा इतिहास, कारण बायको म्हणाली तुला हे पट्टेच का हवे होते. रेसिंगमध्ये पूर्वी देशांचे रंग ठरलेले, इटलीचा लाल, इंग्लंडचा हिरवा, अमेरिकेचा पांढरा आणि निळा. ब्रिग्ज कनिंगहॅम नावाचा श्रीमंत हौशी माणूस, १९५० साली दोन कॅडिलॅक घेऊन फ्रान्समधल्या ल माँच्या २४ तासांच्या रेसला गेला. त्यातल्या एकीची बॉडी इतकी बेढब की फ्रेंच लोकांनी तिचं नाव राक्षस ठेवलं. तरी दहावी आणि अकरावी आली दोघी. पुढच्या वर्षांत स्वतः बनवलेल्या पांढऱ्या गाड्या मधून दोन निळे पट्टे ओढून तो नेत राहिला, आणि अमेरिकन स्पोर्ट्स कार म्हटलं की ते पट्टे हे डोक्यात बसलं. मग १९६५ ची शेल्बी जीटी३५०, म्हणजे फोर्ड मस्टँगची रेसिंगवाली आवृत्ती, सगळ्या पांढऱ्या. गंमत म्हणजे वरचे ते प्रसिद्ध पट्टे त्यातल्या बऱ्याच गाड्यांवर कारखान्यात नाही, नंतर डीलरकडे मारलेत. म्हणजे "फॅक्टरीचं तेच खरं" हे माझं खूळ मुळातच चुकीचं. आणि फॅक्टरीला नीट करायचंच असेल तर किंमत काय होते तेही बघा, २०२० च्या शेल्बी जीटी५०० ला (माझी गाडी ती नाही, उगाच तर्क नकोत) व्हिनाइलचे पट्टे १,००० डॉलर आणि रंगवलेले १०,०००. दहापट! तेव्हा मी पण हसलो होतो. आता हसत नाही, त्यात मास्किंग, हाताचं काम, एक गाडी लाईनवरून बाजूला काढून ठेवणं, सगळं आलं. तिकडे चेन्नईत रॉयल एन्फिल्डच्या टाकीवर वर्षानुवर्षं माणसं ब्रश धरून एका श्वासात सोनेरी रेघ ओढतात. दोन्ही रेघा तंतोतंत सारख्या नसतात, पण तिथे कोणी फूटपट्टी लावत नाही, कारण ती हाताची आहे हे दिसतं.

माझं एवढंच म्हणणं आहे की कंपनीने आबांसारखं सांगावं. चौकडी घ्यायची तर पाव मीटर जादा लागेल, घ्या जादा पैसे, पण मग गाडी आधी रेघेसाठी जुळवा आणि मग रेघ मारा. जमत नसेल तर साधं कापड विका, पट्टे मी बाहेरून मारून घेईन, इथे असे लोक आहेत जे दिवसभर एका गाडीवर घालवतात. मधलं नको.

परत डीलर. तिसऱ्या खेपेला मॅनेजर आला आणि एकदम उदार झाला, म्हणे बॉनेट आमच्या बॉडी शॉपमध्ये पूर्ण रंगवून देतो, फुकट. इथे सावध राहा बरं का मंडळी, फुकट ऐकून मी पण मान डोलवणार होतो. कारखान्यातला रंग साधारण १००-१३० मायक्रॉन, वरून पुन्हा मारला की त्याच्या दुप्पट. उद्या विकायला काढली की घेणारा जाडी मोजायचं यंत्र टेकवणार आणि म्हणणार, ठोकली होती का? पाचशे मैल चाललेली गाडी आणि मी त्याला पट्ट्याची कहाणी सांगत बसणार, कोण विश्वास ठेवेल. रंगवायचं नाही म्हणून ब्लेडची चीर तशीच ठेवायची तर मीठ. रंगवलं तर कपाळावर शिक्का. मी म्हटलं नवीन बॉनेट द्या आणि काय केलं ते लेखी द्या. त्यावर दोन आठवडे मेल-मेल खेळलो. शेवटी कंपनीचा माणूस येऊन बघून गेला, चिरेवर नख फिरवलं, त्याचंही अडकलं. बॉनेट मंजूर झालंय, लेखी. पट्टे बॅकऑर्डरला आहेत, कधी येतील विचारलं तर खांदे उडवतात.

पण बंपरचं काम त्याच दिवशी झालं, आणि कोणी केलं? बॉडी शॉपमधल्या एका म्हाताऱ्या पोलिश गृहस्थाने. त्याने कॉम्प्युटर उघडला नाही, स्पेक विचारलं नाही. गाडीपुढे उकिडवा बसला, एक डोळा मिटून बॉनेटवरून रेघ बघितली, "हं" म्हणाला, चाकाच्या खाचेतले स्क्रू आणि आतले ब्रॅकेट ढिले केले, दोन्ही तळहातांनी बंपर ढकलला, पुन्हा डोळा मिटून बघितलं, पुन्हा ढकलला. चाळीस मिनिटं. तीन मिलिमीटरचा एकाच्या आत आला. फटही दोन्हीकडे सारखी झाली, बोनस. मी वीस डॉलर द्यायला गेलो तर घेतले नाहीत, डोनट घेतला.

घरी येऊन लगेच आबांना कॉल लावला. फोन बंपरवर धरला, हळूहळू बॉनेटवरून वर नेला. आबांनी चष्मा वर केला, खाली केला, बराच वेळ बघितलं. म्हणाले, "हां, आता बसलाय." मला इतकं बरं वाटलं, एसएससीच्या निकालालाही वाटलं नव्हतं. आणि मग म्हणाले, "आता जरा मागं जा बघू. डिकीकडनं दाव."

मागची बाजू मी अजून मोजलेली नाही. रेंज जातेय म्हटलं आणि फोन ठेवला.