मंगळ एकवीस दिवसांवर नाही

गेला आठवडाभर एक मेसेज फिरतोय. आमच्या दादरच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो तीनदा आला, आणि माझ्या अकरावीच्या वर्गातल्या एका मुलाने तो दाखवून विचारलं, "सर, यात चूक कुठे आहे?" मेसेजचा गाभा असा: मंगळ जवळ येतो तेव्हा साडेपाच कोटी किलोमीटरवर असतो, यानाचा वेग सेकंदाला ३० किलोमीटर, म्हणजे २१ दिवस. मग मंगळयानाला दहा महिने का? आपलं रॉकेट कमजोर, म्हणून लांबचा रस्ता. शिवाय दर २६ महिन्यांनीच निघायचं हे मुहूर्ताचं थोतांड. आणि सुपरकॉम्प्युटरशिवाय हे कुणालाच तपासता येत नाही.

भागाकार बरोबर आहे. पण तो ३० चा आकडा पृथ्वीचा आहे. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला २९.८ किलोमीटर वेगाने धावते, आणि तिच्यावरून निघणारं यान तोच वेग घेऊन निघतं. चालत्या लोकलमधून उतरणारा माणूस फलाटावर गाडीच्याच दिशेने चार पावलं धावतो, एकदम काटकोनात वळू शकत नाही. आणि मंगळ सर्वांत जवळ असतो तेव्हा जवळपास काटकोनातच असतो. तिकडे सरळ जायचं तर आधी हा सगळा वेग मारायचा आणि मग नव्या दिशेने तेवढाच कमवायचा. मंगळयान १,३३७ किलोचं होतं, त्यात ८५२ किलो इंधन. एवढ्यात हे शक्यच नाही. शिवाय त्या २१ दिवसांत मंगळ स्वतः ४.४ कोटी किलोमीटर पुढे गेलेला असतो.

रॉकेटबद्दल एवढं खरं, की मंगळयान नेणारं पीएसएलव्ही रॉकेट लहान असल्याने ५ नोव्हेंबर २०१३ च्या उड्डाणानंतर यानाला १ डिसेंबरपर्यंत पृथ्वीभोवतीच कक्षा वाढवत राहावं लागलं. पण पुढचा प्रवास? नासाचं मेव्हन हे मंगळाचं यान कितीतरी ताकदवान अॅटलास-५ रॉकेटवरून १८ नोव्हेंबरला निघालं. तेही मंगळावर २०१४ च्या सप्टेंबरातच पोचलं, मंगळयानाच्या दोन-तीन दिवस आधी.

मुहूर्ताचं उत्तर भूमितीत आहे. पृथ्वीच्या कक्षेपासून मंगळाच्या कक्षेपर्यंतचा कमीत कमी इंधनाचा प्रवास सूर्याभोवतीच्या अर्ध्या लंबवर्तुळाचा, २५९ दिवसांचा. तेवढ्यात मंगळ १३६ अंश सरकतो, यान १८०. म्हणून निघताना मंगळ पृथ्वीच्या ४४ अंश पुढे हवा, आणि ही स्थिती साधारण ७८० दिवसांनी येते. जुलै २०२० मध्ये अमिरात, चीन आणि अमेरिका या तिन्ही देशांची यानं दोन आठवड्यांच्या आत सुटली, ती याचमुळे.

सुपरकॉम्प्युटरच्या दाव्याचं मला सगळ्यांत वाईट वाटतं, कारण तो मुलांना प्रयत्नच करू देत नाही. त्या मुलाला मी स्प्रेडशीट उघडायला सांगितली. चार रकाने: आडवं अंतर, उभं अंतर, आडवा वेग, उभा वेग. सूर्याची ओढ म्हणजे १३,२७१ कोटी भागिले अंतराचा वर्ग, किलोमीटर आणि सेकंदात, रोख सूर्याकडे. आधी पृथ्वीच फिरवून पाहिली, एका ओळीला एक दिवस. वर्ष संपता संपता ती दोन कोटी किलोमीटरहून जास्त बाहेर गेली होती! तो जुना वेग वापरून जागा सरकवत होता. आधी वेग बदल, मग त्या नव्या वेगाने जागा सरकव, असं सांगितल्यावर कक्षा जुळली. ही खोच मी स्वतः कॉलेजात फार उशिरा शिकलो.

मग यान. सूर्यापासून १४.९६ कोटी किलोमीटरवर, पृथ्वीच्याच दिशेने, वेग सेकंदाला ३२.७३ किलोमीटर. एका ओळीला एक तास. सहा हजारांवर ओळींनंतर, २५९ व्या दिवशी, ते २२.८ कोटी किलोमीटरवर, मंगळाच्या कक्षेत पोचलं. प्रत्यक्षात दोन्ही कक्षा लंबवर्तुळाकार आणि मंगळाची जराशी तिरकी, म्हणून मंगळयानाला सुमारे ३०० दिवस लागले. वाटेतल्या छोट्या दुरुस्त्या आमच्या तक्त्यात नाहीत.

नंतर त्याने आपणहून ३२.७३ खोडून मेसेजमधला ३० घातला. यान पृथ्वीच्या कक्षेबाहेर जेमतेम ४४ लाख किलोमीटर गेलं आणि परत फिरलं.