तोवर स्पेंटवॉश थांबणार आहे का?

चुलतभावाचा व्हॉइस मेसेज आठवडाभर डोक्यातून जात नाही. संकेश्वर-चिकोडी-अथणी पट्ट्यात एवढे साखर कारखाने, तर डिस्टिलरीच्या स्पेंटवॉशपासून, म्हणजे मद्यार्क काढल्यावर उरणाऱ्या सांडपाण्यापासून, हायड्रोजन करून बघावा, असं मी त्याला लिहिलं होतं. तो म्हणाला, "पैला सीमाप्रश्न सुटू दे. मग तुजे जंतू बघूया की."

प्रश्न १९५६ पासूनचा, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात. तोवर स्पेंटवॉश थांबणार आहे का?

त्यापासून मिथेन काढणं आपल्याकडे नवं नाही. पण त्याच टाकीत आधी हायड्रोजन तयार होतो आणि मिथेन करणारे जंतू तो लगेच खाऊन टाकतात. विरजण म्हणून घालायचं शेण आधी उकळून घेतलं की ते मरतात. हायड्रोजन करणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम जंतूंचे बीजाणू तग धरतात. मग टाकी जराशी आंबट ठेवायची. या वाटेने १८० ग्रॅम ग्लुकोजमागे फार तर ८ ग्रॅम हायड्रोजन मिळतो, प्रत्यक्षात बराच कमी. पण उरलेल्या आंबट पाण्यातून जांभळे जंतू उजेडात आणखी काढतात. मी राहतो त्या जर्मनीतल्या आखेनला नोव्हेंबरात त्यासाठी दिवे लावावे लागतात. बेळगावात ऊन फुकट आहे! शेवाळाचं मात्र अवघड. ते सोडतं त्या ऑक्सिजननेच त्याचं हायड्रोजन करणारं विकर बंद पडतं. २००० साली कॅलिफोर्नियात गंधकाचा पुरवठा तोडून काही दिवस ते चालू ठेवता आलं, तरी माझा भरवसा जंतूंवर. केंद्राने २०२३ मध्ये ठरवलेल्या हरित हायड्रोजनच्या व्याख्येत बायोमासही बसतो.

भावाला मी हेही ऐकवलं की शनिवारी सायकलवरून नेदरलँड्समधल्या फाल्सला जाऊन भाजी आणतो, देश बदलतो आणि कुणी हटकत नाही. ती तुलना मी सोयीची केली. फाल्समध्ये माझी जमीन नाही. गावी आईला स्वतःच्या शेताचा उतारा शेजाऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो, कारण तो कन्नडमध्ये येतो. त्या वेळी भाऊ तिच्यासोबत कचेरीत असतो. १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीत तोच चालतो. मी अकरा वर्षांत एकदाही गेलो नाही.

गेल्या महिन्यात अनमेल्डुंगच्या, म्हणजे पत्ता नोंदवायच्या, खिडकीत बाईंनी जुन्या पासपोर्टवरचं 'बेळगाव' आणि नव्यावरचं 'बेळगावी' शेजारी ठेवून विचारलं, ही दोन गावं का? एकच, म्हणून सांगताना माझा आवाज चढला. मागे रांग होती. त्या काहीच बोलल्या नाहीत, नवं नाव टाइप केलं. मी सही केली.

भावाला हे अजून सांगितलेलं नाही. स्पेंटवॉशचं मात्र आज पुन्हा लिहिलंय.