सरड्यामुळे मुलांना जंत होतात? नाही!

सातारा परिसरातल्या ग्रुपवर सध्या एक व्हिडिओ फिरतोय. मेलेल्या सरड्याच्या पोटात पांढरं काहीतरी वळवळतंय आणि खाली मजकूर आहे: ‘पवनचक्क्यांमुळे पठारावर सरडे वाढले. त्यांचे जंत भाजीपाल्यातून मुलांच्या पोटात जातात. दिसेल तिथे मारा.’

व्हिडिओ थांबवून नीट बघा. अंगावर वळ्या, एक टोक निमुळतं, दुसरं बोथट आणि त्या बोथट टोकावर दोन तपकिरी ठिपके. हे ठिपके म्हणजे श्वास घ्यायची छिद्रं. या माशीच्या अळ्या आहेत. उन्हाळ्यात कुठल्याही मेलेल्या जनावरावर माशी अंडी घालते आणि एका दिवसात अळ्या बाहेर पडतात. गोल जंत गुळगुळीत असतो, दोऱ्यासारखा.

सरड्यांना जंत होतात, हे खरंच आहे. रानातल्या प्राण्यात थोडेफार जंत असणारच. पण सरड्यांच्या आतड्यातले बहुतेक सूत्रकृमी, म्हणजे दोऱ्यासारखे जंत, सरड्यांतच वाढतात. सरड्यांमधला एक पट्टकृमी, म्हणजे फितीसारखा चपटा जंत, आधी भुंग्यासारख्या किड्यात वाढतो आणि तो किडा सरड्याने खाल्ला तरच पुढे जातो. यात आपली मेथी-कोथिंबीर कुठेच येत नाही.

मुलांच्या पोटातले गोल जंत माणसाच्याच विष्ठेतून येतात. उघड्यावरच्या शौचामुळे अंडी मातीत मिसळतात, तिथून न धुतलेल्या हातांनी आणि भाजीने तोंडात जातात. अंकुशकृमी नावाचा जंत तर अनवाणी पायाच्या कातडीतून शिरतो. म्हणून 10 फेब्रुवारीला शाळा-अंगणवाडीत अल्बेंडाझोल ही जंतनाशक गोळी देतात. ती चुकवू नका, सरड्यामागे दगड घेऊन धावण्यापेक्षा तिचा उपयोग आहे.

पवनचक्क्यांचा मुद्दा अर्धवट उचललाय. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी कमी आणि सरडे जास्त आढळले. त्यात मुलांच्या जंतांचा संबंध नव्हता.

आणि मारायचं कुणाला? वळवाच्या आधी दगडावर चढून निळा-काळा-नारिंगी गळा फुलवणारा तो नर ‘सरडा सुपर्बा’ या जातीचा आहे. 2016 मध्ये या जातीची शास्त्रीय नोंद झाली, ती चाळकेवाडीच्याच पठारावरून. आपल्या जिल्ह्याचं हे वैभव एका खोट्या मजकुरापायी ठेचलं जावं, याचा मला मनापासून संताप येतो.

काळजी घ्यायचीच तर एवढी घ्या: सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर पोट बिघडवणारे साल्मोनेला जिवाणू असू शकतात. पोरांनी सरडा हाताळला, तर साबणाने हात धुवायला लावा.