कारखान्यातली कारागिरी

पुण्यात बिअरचा विषय निघाला की हल्ली दोन तट पडतात. एक म्हणतो, टॅपरूममध्ये समोर गाळलेली तीच खरी बिअर, बाकी सगळं कंपनीचं पाणी. दुसरा म्हणतो, त्या एका ग्लासाच्या पैशात बिअर शॉपीतून दोन बाटल्या येतात, नखरे कशाला? कोथरूडचा माझा मावसभाऊ पहिल्या तटाचा म्होरक्या. लाखो लिटर बनवणाऱ्याला चवीशी काही देणंघेणं नसतं, असं त्याचं ठाम मत. मी चेक देशात, पिल्सेनला राहते, गाड्यांच्या सुट्या भागांची गुणवत्ता तपासून पोट भरते, आणि मला हे मत अजिबात पटत नाही.

डूलाली या लहान ब्रूअरीनं 2009 मध्ये पुण्यात स्वतःची ताजी बिअर द्यायला सुरुवात केली आणि शहराला बिअरच्या चवीवर बोलायची सवय लागली, हे श्रेय लहानांचंच. पण लहान म्हणजे कारागीर आणि मोठा म्हणजे भेसळ्या, हे समीकरण कुठून आलं? चितळ्यांची बाकरवडी यंत्रावर होते म्हणून कुणा पुणेकरानं नाक मुरडल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

पिल्सेनची गोष्ट सांगते. इथली बिअर एके काळी इतकी बेभरवशाची होती, की 1838 मध्ये गावकऱ्यांनी नगरभवनासमोर पिंपच्या पिंपं ओतून दिली. मग गावातल्या परवानेधारकांनी मिळून नवी भट्टी उभारली, बव्हेरियाहून योसेफ ग्रोल नावाचा जाणकार आणला आणि 1842 मध्ये पहिली सोनेरी पिल्सनर निघाली. आज तोच अवाढव्य कारखाना आहे, मालकी जपानच्या असाही कंपनीची. म्हणजे माझ्या मावसभावाच्या हिशेबानं चव संपायला हवी होती. प्रत्यक्षात मॉल्टचा (मोड आणून वाळवलेल्या जवाचा) घोळ अजूनही तीन वेळा थोडा थोडा काढून, तांब्याच्या भांड्यात थेट जाळावर उकळून परत मिसळतात. वेळखाऊ काम, इंधनही जास्त. स्वस्तात उरकायचं असतं तर पहिली कात्री यालाच लागली असती.

तळघरात तर अजून गंमत आहे. मुख्य उत्पादन 1990 च्या दशकात स्टीलच्या टाक्यांत गेलं, पण थोडी बिअर आजही ओकच्या पिंपांत आंबवतात आणि मुरवतात. त्यासाठी पिंपं बांधणारे कारागीर पगारावर ठेवलेत. ते लाकूड वाकवतात, कड्या ठोकतात, आतून डांबरासारख्या राळेचा लेप देतात. हे निव्वळ पर्यटकांना दाखवण्यासाठी नाही. लाकडातली आणि स्टीलमधली बिअर शेजारी शेजारी ठेवून चाखतात. नवी जुन्यापासून सरकली का ते बघतात. आमच्या शॉप फ्लोअरवर नेमक्या मापाचा मास्टर पीस जपून ठेवतात ना, त्याच्याशी ताडून मोजायचं गेज बरोबर आहे का ते बघायला, तसाच हा मास्टर पीस. फक्त तो दर खेपेला नव्यानं करावा लागतो.

आणि लहान ब्रूअर ज्या शास्त्रावर उभा आहे, ते बरंचसं मोठ्यांच्याच प्रयोगशाळांतून आलंय. डेन्मार्कच्या कार्ल्सबर्ग कारखान्यात एमिल हॅन्सननं 1883 मध्ये यीस्टची, म्हणजे बिअर आंबवणाऱ्या बुरशीची, एकच शुद्ध जात वेगळी वाढवून दाखवली, आणि कंपनीनं ती पद्धत दडवून न ठेवता इतरांनाही वापरू दिली. आम्लता मोजायची पीएच मोजपट्टी 1909 मध्ये तिथल्याच सोरेन्सननं मांडली. आयर्लंडच्या गिनेस या बिअर कंपनीतल्या विल्यम गॉसेटनं 1908 मध्ये थोड्या नमुन्यांवरून निष्कर्ष काढायचं गणित ‘स्टुडंट’ या टोपणनावानं छापलं. माझी रोजची भाकरी त्या गणितावरच चालते, म्हणून त्याच्याबद्दल मला जरा जास्तच आपुलकी आहे.

शिवाय फिकट लागर, म्हणजे पिल्सनरसारखी थंडीत मुरवलेली बिअर, बनवणं हे सगळ्यात अवघड काम. कॉफी, आंबा, संत्र्याची साल घातली की चुका झाकल्या जातात. लागरमध्ये लपायला जागाच नसते. गेल्या सुट्टीत पुण्यातल्या एका टॅपरूममध्ये मला लागर म्हणून जे दिलं त्याला चक्क लोण्याचा वास होता. यीस्टनं केलेलं, हा वास देणारं डायअ‍ॅसिटिल त्यालाच परत खाऊ द्यायला काही दिवस लागतात. ती उसंत दिली नाही की हा वास राहतो. मोठ्या कारखान्यात अशी टाकी सहसा बाटल्यांत भरायला सोडतच नाहीत.

आपल्याकडच्या मोठ्या कंपन्यांवरचे आरोप मात्र ऐकावेत असेच. ग्लिसरीनचं घ्या. कंपन्या बिअरमध्ये ते घालतात म्हणे. बाटली पाण्याच्या ग्लासात उलटी धरायची, खाली उतरणारी तार दिसली की ‘बघ, ग्लिसरीन!’ अहो, उरलेल्या साखरेमुळे बिअर पाण्याहून किंचित जड असते, म्हणून ती खाली उतरते. आणि आंबताना यीस्ट स्वतःच लिटरमागे एखाद-दोन ग्रॅम ग्लिसरॉल करतं, पिल्सेनमध्येही आणि मुंढव्यातही.

राग काढायचाच तर पाण्यावरून काढा. 2016 च्या दुष्काळात औरंगाबाद खंडपीठानं मराठवाड्यातल्या मद्य कारखान्यांच्या पाण्यात मोठी कपात केली होती. तो प्रश्न खराच होता. पण चांगला मोठा कारखाना एका लिटर बिअरमागे तीन-चार लिटर पाण्यात भागवतो, लहान भट्टीला सहसा त्याहून जास्त लागतं, हेही त्याच दमात सांगायला हवं.

‘ताई, तू बिअरच्या पंढरीत बसून बोलतेस,’ असं मावसभाऊ म्हणतो, आणि तेवढं त्याचं खरं आहे. इथे पाश्चराइझ न केलेली बिअर थंड टँकरमधून थेट पबच्या टाकीत उतरते. आपल्याकडे तीच बाटली मे महिन्यात ट्रकमध्ये तापते, मग दुकानाच्या दर्शनी फळीवर ऊन खाते. हिरव्या काचेतून प्रकाश शिरला की हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा, घटक बिघडून कुबट वास येतो. तो दोष बनवणाऱ्याचा नव्हे. गिऱ्हाइकाची मागणी तरी कुठे चवीची आहे? खपतो बहुतांश स्ट्राँग माल, कारण हिशेब रुपयामागे किती चढते याचा. जे मागाल तेच चोख आणि एकसारखं बनवून देण्यात आपले कारखाने कमी पडत नाहीत.

इथे फेस नीट नसला तर म्हातारे गिऱ्हाईक ग्लास मागे ढकलतात आणि ओतणारा निमूट दुसरा भरतो. आपण विचारतो फक्त ‘चिल्ड आहे ना?’, आणि इतक्या थंडीत जिभेला गुण कळत नाही तसा दोषही कळत नाही. निदान बाटलीवरची तारीख तरी वाचत जा, असं मी मावसभावाला सांगितलं. तो म्हणाला, ‘शॉपीवाला जाळीतून हात काढतो तेव्हा बाटली आधीच कागदात गुंडाळलेली असते. वाचू कधी?’